तुमच्या विद्यापीठाचं म्हणणं विधिमंडळात मांडतं कोण?

निकाल लांबला की आपण काय करतो? ग्रुपवर दोन मीम्स टाकतो, परीक्षा विभागाच्या नावाने खडे फोडतो आणि कॅन्टीनमध्ये जाऊन बसतो. पण मंडळी, विद्यापीठाच्या बऱ्याच दुखण्यांचं औषध कॅम्पसवर नसतंच, ते मंत्रालयात असतं. अनुदानित प्राध्यापकांची पदं भरायला सरकारची मंजुरी लागते. कुलगुरू कसे निवडायचे, हेही विधिमंडळाने केलेला कायदा ठरवतो. तो म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६.

या कायद्यावरून झालेली ओढाताण आठवतेय? डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती विधेयक मंजूर केलं. निवड समितीने पाच नावं द्यायची, सरकारने त्यातली दोन राज्यपालांकडे पाठवायची आणि राज्यपालांनी एक निवडायचं. शिवाय उच्च शिक्षणमंत्री प्र-कुलपती होणार होते. पुढे सरकार बदललं आणि विधेयक मागे घेतलं गेलं. मुख्य भांडण होतं कुलगुरू कुणी नेमायचे याचं. तुमच्या हॉस्टेलचं किंवा रखडलेल्या मार्कशीटचं नव्हतं!

मग आपली बाजू मांडायची कुणी? विद्यापीठ प्रशासन सरकारला पत्र लिहितं, प्रस्ताव पाठवतं. पण ज्याच्याकडून अनुदान घ्यायचं, त्याच्याशी ते किती ताणून धरणार? म्हणून अधिसभा, म्हणजे सिनेट, महत्त्वाची. तिथे आमदारही सदस्य असतात आणि पदवीधरांनी निवडून दिलेले दहा प्रतिनिधीही. मुंबई विद्यापीठात या दहा जागांची निवडणूक आधी लांबली, मग हायकोर्टाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये पार पडली. मतदार होते सुमारे १३ हजार. लाखो विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात फक्त एवढेच! विद्यार्थी परिषदेच्या थेट निवडणुकांची तरतूद २०१६ च्या कायद्यात आहे, पण ती कागदावरच राहिलीय.

विधान परिषदेतही ७८ पैकी ७ आमदार पदवीधरांचे आणि ७ शिक्षकांचे असतात. तुमच्या विभागाचे कोण, सांगता येईल? नाही ना? त्यांना तुम्ही माहीत असण्याचं कारणच काय मग?

मागणी नीट लिहून दिली, तर आमदार तारांकित प्रश्न विचारू शकतो, लक्षवेधी मांडू शकतो. त्यावर मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं आणि ते सभागृहाच्या कामकाजात नोंदलं जातं. मीमला ही सोय नाही. मात्र ‘निकाल लवकर लावा’ एवढंच लिहून भागणार नाही. कोणती परीक्षा, किती दिवस उशीर, किती विद्यार्थी अडकले, हे सगळं द्या.

आता खरं सांगते. पदवी घेऊन वर्ष झालं, तरी पदवीधर म्हणून माझी नोंदणी झालेली नाही. हा लेख लिहिताना स्वतःचीच लाज वाटली. फॉर्म काढून ठेवलाय, या आठवड्यात भरतेय. तुमचं काय?