कोंबडी ठणठणीत, दुखणे माणसाला

कुरुंदवाडसारख्या गावात खुराड्यातल्या कोंबड्या मान टाकू लागल्या की मालकाची धावपळ सुरू होते. मानमोडी आहे की दुसरे काही, याची चौकशी होते. मेलेला पक्षी तपासायला देण्याचीही तयारी असते. कोंबड्या धडधाकट असतील तर त्यांच्याकडे कोण बघणार? साल्मोनेला जिवाणूच्या बाबतीत नेमकी इथेच फसगत होते.

या एका नावाखाली अडीच हजारांहून अधिक प्रकार मोडतात. त्यांतला गॅलिनॅरम कोंबड्यांना टायफॉइड आणतो, शेडच्या शेड रिकामी करतो. माणसाला त्याची बाधा क्वचितच होते. त्याचा जवळचा भाऊबंद एंटेरिटिडिस मोठ्या कोंबडीला बहुधा आजारी पाडतच नाही. तो तिच्या अंडाशयात मुक्काम करतो, कवच तयार होण्याआधीच अंड्यात उतरतो आणि कच्च्या-अर्धकच्च्या अंड्यातून माणसाच्या पोटात जातो. म्हणजे मालकाला बुडवणारा जिवाणू गिऱ्हाइकाला फारसा बाधत नाही आणि गिऱ्हाइकाला बाधणारा मालकाला दिसत नाही.

हा फरक जनुकांतला आहे. दोघांचे जनुकीय आराखडे २००८ साली शेजारी ठेवून पाहिले गेले, तेव्हा गॅलिनॅरमची तीनशेच्या आसपास जनुके निकामी झालेली आढळली. पोहायला लागणारी शेपटीही त्याच्याकडे उरलेली नाही. एकाच घरी कायमचे बिऱ्हाड केल्यावर प्रवासाचे सामान टाकून द्यावे, तसेच हे.

म्हणून अहवालात ‘साल्मोनेला आढळला’ एवढेच लिहून भागत नाही. कोणता, हेही कळायला हवे. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याची रोगनिदान प्रयोगशाळा आहे. तिथे मेलेल्या पक्ष्यांबरोबर निरोगी कळपाच्या विष्ठेचे नमुनेही नियमित गेले पाहिजेत. जुलाबाच्या रुग्णांच्या नमुन्यांत सापडणाऱ्या जिवाणूशी ते ताडून पाहायला हवेत. पशुसंवर्धन आणि आरोग्य ही दोन खाती आपापल्या फायली सांभाळत बसली, तर हे होणार नाही.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळच्या कुरुंदवाडला ही निकड अधिक आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी या भागात घर, गोठा आणि खुराडे एकाच पाण्यात बुडवले. ओल्या विष्ठेत हा जिवाणू आठवडेच्या आठवडे तग धरतो. पाणी ओसरल्यावर होणाऱ्या पंचनाम्यांत मेलेल्या कोंबड्या मोजल्या जातात. वाचलेल्या कोंबड्यांचे नमुने घेण्याची वेळही तीच.