समोरच्या दाताची कॅप नीट बसली नाही? 'सवय होईल' यावर थांबू नका

सोलापूर : कडक भाकरी, शेंगाचटणी आणि लग्नसराईतले फोटो... समोरच्या दातांची परीक्षा इथे रोजच असते. अशा दातावर कॅप बसवल्यानंतर ती जाड वाटते, रंग वेगळा दिसतो किंवा हिरडीतून रक्त येते. रुग्ण विचारतो आणि अनेकदा एकच उत्तर मिळते, 'सवय होईल.' काही त्रासांबाबत ते खरे आहे. पण काही दोषांची सवय होत नाही, ते वाढत जातात. म्हणूनच कॅप पक्की चिकटवण्याआधी रुग्णाला ती पाहायला वेळ मिळालाच पाहिजे.

नंतर दुरुस्ती अवघड का?

कॅपसाठी दात चहूबाजूंनी घासून बारीक करतात. घासलेले इनॅमल पुन्हा तयार होत नाही. पक्क्या सिमेंटने चिकटवलेली कॅप सहसा अखंड निघत नाही, कापूनच काढावी लागते. म्हणजे नवे माप, नवी कॅप आणि नवा खर्च.

सवय कशाची होते, कशाची नाही?

- नवखेपणा : जिभेला वेगळे लागणे, थंड-गरम थोडे झणझणणे हे बहुधा काही दिवसांत कमी होते.
- उंच कॅप : चावताना तीच आधी लागत असेल तर वाट पाहू नये. रंगीत कागद चावायला देऊन उंच भाग घासता येतो. काम काही मिनिटांचे असते.
- हिरडीजवळची फट : ही घासून भरत नाही. तिथे अन्न आणि जंतू साठतात, आतला दात किडतो. रूट कॅनाल झालेल्या दातात नस नसते, त्यामुळे कीड लागली तरी दात दुखत नाही. अनेकदा कॅप निघाल्यावर किंवा दात मोडल्यावर ते कळते.
- काळी रेघ : धातूवर सिरॅमिक चढवलेल्या कॅपमध्ये हिरडी सरकली की धातूची कड दिसू शकते. झिर्कोनियात धातूची अशी कड नसते. पण महागडी कॅप नीट बसेलच असे नाही. बसणे हे दाताची घडण, माप आणि लॅबचे काम यावर ठरते.

चिकटवण्याआधी काय पाहावे?

1. रंग दिवसाच्या उजेडात आणि दात घासण्याआधी ठरवावा. कोरडा पडलेला दात जास्त पांढरा दिसतो.
2. खुर्चीतून उठून आरशात हसून, बोलून पाहावे.
3. 'फ', 'व' म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला हलकी टेकते. 'सोलापूर'मधला 'स' शिटीसारखा येत असेल तर लांबी-जाडी तपासायला सांगावे.
4. शेजारच्या दाताशी फटीत फ्लॉस घट्ट पण न तुटता जायला हवा.

शंका राहिली तर कॅप काही दिवस तात्पुरत्या सिमेंटवर ठेवता येईल का, हे विचारावे.

घाई दोन्हीकडून होते, हेही मान्य करायला हवे. 'रविवारी साखरपुडा आहे' म्हणणाऱ्या रुग्णामुळे डॉक्टर आणि लॅब दोघांचाही वेळ कापला जातो.

दाद कुठे मागायची?

आधी त्याच डॉक्टरांकडे जावे. तक्रार लेखी द्यावी, एक्स-रे आणि बिल जपावे. बिलावर कॅपचा प्रकार लिहून घ्यावा. दुसरे मत कृत्रिम दात आणि कॅप बसवण्यातील तज्ज्ञ म्हणजे प्रोस्थोडॉन्टिस्टकडून घ्यावे. सोलापुरात केगावला दंत महाविद्यालय आहे, तिथेही दाखवता येते.

पैसे देऊन घेतलेले उपचार ही ग्राहक कायद्यातील 'सेवा' असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत २ वर्षे आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मात्र 'रंग आवडला नाही' एवढ्यावर भागत नाही, हलगर्जी दाखवावी लागते.

तिथपर्यंत जाण्याची वेळ येऊ नये, हे सर्वांत चांगले. डॉक्टरांनी 'बरी वाटते का?' विचारल्यावर संकोचाने मान डोलावू नये. तेव्हा 'थोडी उंच वाटते' म्हणायला पैसे पडत नाहीत. कॅप पक्की झाल्यावर पडतात.