गायींच्या कुरणातलं गोल्फ

पाहुण्यांना काय हवंय हे हॉटेलमालकाला गायींकडून कळावं, ही अमेरिकेतल्या पाइनहर्स्ट रिसॉर्टची गंमत. बोस्टनमध्ये सोडा फाउंटनच्या धंद्यात गब्बर झालेल्या जेम्स वॉकर टफ्ट्सने १८९५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात, जंगल तोडून ओसाड पडलेली रेताड जमीन मातीमोल भावात घेतली. उत्तरेच्या थंडीने गारठलेल्यांनी हिवाळ्यात इथे येऊन मोकळी हवा खावी, एवढाच बेत. पण पाहुणे नुसत्या हवेला कंटाळले आणि कुरणात चेंडू टोलवू लागले. गायी बुजू लागल्या, तेव्हा १८९८ मध्ये टफ्ट्सने गोल्फचं मैदानच आखवून दिलं. १९०० मध्ये मूळचा स्कॉटलंडचा गोल्फपटू डोनाल्ड रॉस इथे आला. त्याने घडवलेल्या ‘नंबर टू’ मैदानावर २०२४ पर्यंत चारदा यूएस ओपन झाली. हिरवळीचा थाट मात्र मागाहून आला. १९३० च्या दशकापर्यंत तिथली ‘ग्रीन’, म्हणजे भोकाभोवतीची जागा, चक्क वाळूची होती! सकाळी मैदानावर घाम गाळायचा आणि संध्याकाळी व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत आपल्याच फटक्यांच्या बढाया मारायच्या, हा हॉटेलातला दिनक्रम. आपल्याकडच्या रिसॉर्टवाल्यांनीही स्विमिंग पूल आणि डीजेवर पैसे ओतण्याआधी पाहुणे रिकाम्या वेळात आपणहून काय करतात, तेवढं जरा बघावं.