शर्यत आपली, रस्ता कोणाचा?

कुस्तीच्या फडात प्रतिस्पर्ध्याला ‘जोड’ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ज्याची पाठ मातीला लावावयाची, त्याच्याशीच आपली जोड जमली असे म्हणणारी ही भाषा वरवर पाहता विचित्र वाटते. परंतु स्पर्धेचे एक मर्म तिच्यात साठवलेले आहे. तोलामोलाची जोड मिळाली नाही, तर नामांकित मल्लालाही फडावरून तसेच परतावे लागते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ वॉल्टर नील यांनी १९६४ साली व्यावसायिक खेळांच्या अर्थकारणावर लिहिलेल्या निबंधात हेच तत्त्व मांडले. व्यापारात प्रतिस्पर्धी नाहीसा झाला की व्यापाऱ्याचे फावते. खेळात मात्र तुल्यबळ प्रतिस्पर्धी नाहीसा झाला, की जिंकण्यालाच काही मोल उरत नाही. शर्यत ही दोघांनी मिळून निर्माण केलेली वस्तू असते, हा त्या विवेचनाचा इत्यर्थ.

सायकल शर्यतींच्या इतिहासाने याची साक्ष वारंवार दिली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटलीत जिनो बार्ताली आणि फाउस्तो कोप्पी यांच्या चाहत्यांनी सारा देश जणू दोन तटांत वाटून घेतला होता. तथापि १९५२ सालच्या ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीत चढावर हे दोघे एकमेकांच्या हाती पाण्याची बाटली देत असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले, आणि ती बाटली नेमकी कोणी कोणाला दिली, हा वाद तेथे पुढे कित्येक वर्षे रंगला. फ्रान्समध्ये १९६४ साली झाक आंकतील आणि रेमों पुलिदोर हे प्वी द दोम पर्वताच्या चढावर खांद्याला खांदा भिडवून झुंजले. आंकतीलने ती शर्यत अवघ्या ५५ सेकंदांनी जिंकली. पुलिदोरच्या अंगावर आघाडीची पिवळी बंडी अखेरपर्यंत कधीच चढली नाही. पुढे हेच दोघे एकमेकांचे स्नेही झाले. एकाचे नाव घेतले की दुसऱ्याचे आठवावे, इतकी त्यांची कीर्ती आज एकमेकांत गुंतलेली आहे.

गेल्या दशकात या शर्यतीने एक नवे रूप धारण केले. स्वार आपल्या घरातच असतो. सायकलचे मागचे चाक काढून ती ‘ट्रेनर’ नावाच्या यंत्रावर बसवावयाची, समोर पडदा ठेवावयाचा आणि पेडल मारावयास लागावयाचे. पायांतून किती वॅट शक्ती निघते हे यंत्र मोजते. ती शक्ती आणि स्वाराचे वजन यांच्या गुणोत्तरावरून पडद्यावरील स्वाराचा वेग ठरतो. पडद्यावर चढ आला की यंत्र पेडल जड करते. दुसऱ्याच्या मागे दडून वारा चुकविण्याचा लाभही हिशेबात धरला जातो. २०१४ साली स्थापन झालेल्या ‘झ्विफ्ट’ या अमेरिकन कंपनीने हा प्रकार लोकप्रिय केला. तिने ‘वाटोपिया’ नावाचे एक काल्पनिक बेटच निर्माण केले असून, नकाशात कोठेही नसलेल्या त्या बेटाच्या घाटांत निरनिराळ्या देशांतील लोक एकाच वेळी घाम गाळीत असतात.

या प्रकाराला ‘घरबसल्यांचा पोरखेळ’ म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. २०२० च्या वसंतात महासाथीमुळे इटली आणि स्पेनमध्ये सायकलस्वारांना रस्त्यावर येण्यासही मज्जाव झाला, तेव्हा या पडद्यानेच अनेकांची स्पर्धा आणि सोबत टिकवून धरली. त्या वर्षीच्या जुलैमध्ये झालेल्या आभासी ‘तूर द फ्रान्स’मध्ये स्त्रिया आणि पुरुष यांना सारखेच मार्ग आणि सारखेच टप्पे देण्यात आले, खऱ्या रस्त्यावर स्त्रियांच्या वाट्याला ही समता कधी आली नव्हती. डिसेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाची पहिली आभासी जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. पुरुषांत ती जेसन ऑसबोर्न या जर्मन नावाड्याने जिंकली! पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये नौकानयनात रौप्यपदक मिळविलेला हा खेळाडू त्यानंतर खऱ्या रस्त्यावरील व्यावसायिक सायकल संघात दाखल झाला. गुण हेरण्याचे आणि दूरदूरच्या माणसांना एकमेकांची जोड मिळवून देण्याचे सामर्थ्य या नव्या मैदानात आहे, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

मौजेची गोष्ट अशी की, याच काळात उलट दिशेची एक ओढही वाढीस लागली. इटलीतील तोस्काना प्रांतात गाइओले इन किआंती नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १९९७ साली ९२ स्वारांनी ‘एरोइका’ या फेरीला आरंभ केला. तेथील कच्चे, पांढऱ्या खडीचे रस्ते टिकावेत हा तिचा एक हेतू होता. या फेरीचा नियम असा की सायकल सामान्यतः १९८७ पूर्वीच्या घडणीची हवी. गिअर बदलण्याचे दांडे फ्रेमच्या खालच्या नळीवर हवेत. ब्रेकच्या तारा उघड्या हव्यात आणि पेडलला पाय अडकविण्याच्या पट्ट्या हव्यात. १९८७ ही मर्यादा योग्यच म्हणावी लागेल. कारण दर गिअरला ‘खट्’ असा ठरलेला थांबा देणारी गिअरयोजना आणि बुटाला जखडणारी पेडले याच सुमारास प्रचारात आली. बर्नार इनोने १९८५ ची ‘तूर’ जिंकली ती अशाच नव्या पेडलांवर. आज निरनिराळ्या देशांत जुन्या शर्यती सायकलींच्या अशा फेऱ्या भरतात आणि रेनॉल्ड्स ५३१ च्या नळ्यांची फ्रेम किंवा कॅम्पान्योलोचे जुने गिअर यांचा शोध घेणारे शौकीन सर्वत्र आढळतात.

एकीकडे पडद्यावरील अद्ययावत शर्यत आणि दुसरीकडे जुन्या लोखंडाची ही माया! या दोन ओढी परस्परविरोधी आहेत, असे प्रथमदर्शनी वाटते. त्यातच अनेकदा एकच माणूस रात्री पडद्यासमोर शर्यत खेळतो आणि रविवारी जुनी सायकल पुसत बसतो, म्हणून आश्चर्य अधिकच वाढते. परंतु बारकाईने पाहिले तर दोहोंच्या मुळाशी एकच आकांक्षा दिसते. अंतिम निकाल साधनांवर न ठरता माणसावर ठरावा, ही ती आकांक्षा होय. पैसा ओतून हलकी सायकल घेणाऱ्याची सरशी व्हावी, हे कोणत्याच सच्च्या स्पर्धकाला रुचत नाही. एरोइकाने साधनांची प्रगती एका वर्षावर गोठवून ही समता आणली. पडद्याने शक्ती आणि वजन यांच्या गणिताने ती आणण्याचा प्रयत्न केला.

फरक आहे तो मालकीचा. जुन्या सायकलीचा मालक तिचा खरोखरच मालक असतो. तिच्या फ्रेमचे सांधे पितळेने जोडलेले असतात. चिमटा वाकला तर तो सरळ करता येतो, चाकाचा आऊट काढता येतो, सुट्या भागांचे आटे ठरावीक मापाचे असल्याने एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या सायकलीला बसविता येतो. ती घडविणारा कारखाना कधीच बंद पडला असला, तरी सायकल चालतच राहते. आणि ज्या रस्त्यावर ती चालते, तो सर्वांचा असतो. आमच्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीत खंडाळ्याचा घाट प्रथम चढणारा ‘घाटाचा राजा’ ठरतो. परंतु त्या घाटाची मालकी ना त्या राजाकडे असते, ना शर्यतीच्या संयोजकांकडे. शर्यत संपली की तोच घाट कोणीही चढावा. अर्थशास्त्रात ज्याला ‘सार्वजनिक वस्तू’ म्हणतात, तिच्या आश्रयाने ही स्पर्धा वाढली.

आभासी शर्यतीत यांतील काहीच स्वाराचे नसते. रस्ता कंपनीचा, पडद्यावरील सायकल कंपनीची, विक्रमांची वही कंपनीची. इतकेच नव्हे, तर नित्याच्या प्रतिस्पर्ध्याची गाठ पडण्याचे ठिकाणही कंपनीचेच. मासिक वर्गणी भरली तर फाटक उघडणार. २०२४ मध्ये झ्विफ्टने ही वर्गणी अमेरिकेत १४.९९ डॉलरवरून १९.९९ डॉलरवर नेली. स्वारांनी कुरकुर केली, पण ज्यांची सारी मित्रमंडळी तेथेच जमतात त्यांनी जावे कोठे? २०२० साली याच कंपनीत ४५ कोटी डॉलरची गुंतवणूक आली होती. तिच्या परताव्याची अपेक्षा गुंतवणूकदार धरणारच. त्यात गैर काही नाही. मात्र त्या परताव्याचे उगमस्थान कोणते, हे पाहिले पाहिजे. स्पर्धक दोघे मिळून जी चुरस निर्माण करतात, तीच येथे विकली जाते आणि निर्माण करणारेच तिचे ग्राहक असतात.

ही भीती काल्पनिक नाही. ‘आरजीटी’ नावाचा असाच एक पडदा होता. त्यावर स्वाराला आपल्या आवडीच्या खऱ्या रस्त्याची नोंद देऊन त्याचे आभासी रूप करून घेता येत असे. म्हणजे आपल्या गावाजवळचा घाट परदेशातील मित्राला चढावयास लावता येत असे. २०२२ साली ‘वाहू’ कंपनीने तो विकत घेतला आणि ऑक्टोबर २०२३ अखेर बंद केला. लोकांनी हौसेने घडविलेले ते सारे रस्ते एका निर्णयाने नाहीसे झाले. जागतिक अजिंक्यपदाचीही हीच कथा. पहिल्या तीन स्पर्धा झ्विफ्टवर झाल्या. २०२४ ची स्पर्धा ‘मायवूश’ या संयुक्त अरब अमिरातीतील पडद्यावर गेली आणि तिची अंतिम फेरी अबू धाबीत झाली. अजिंक्यपद तेच, परंतु मैदान, त्याचे चढउतार आणि शक्तीचे वेगात रूपांतर करणारे गणित, सारेच बदलले. कसोटी क्रिकेटच्या खेळपट्टीचा, यष्ट्यांचा आणि धावा मोजण्याच्या रीतीचा मालक दर दोन-तीन वर्षांनी बदलला, तर जुन्या-नव्या विक्रमांची तुलना आपण कशी करणार?

महाराष्ट्राला हे नाते नवखे नाही. दुसऱ्याच्या जमिनीवर राबावे, पीक काढावे आणि मालकाची मर्जी फिरताच निमूटपणे बाहेर पडावे, अशी आपल्याकडील कुळाची स्थिती होती. १९४८ च्या कूळ कायद्याने आणि त्यातील पुढील दुरुस्तीने ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व मान्य केले. शर्यतीचा छंद आणि पोटापाण्याची शेती यांची बरोबरी मी करीत नाही. परंतु राबणाऱ्याचा आपल्या श्रमाच्या फळावर काही हक्क असतो, हे तत्त्व पडद्यासमोर पेडल मारणाऱ्यालाही लागू पडावयास हरकत कोणती?

दुसरा प्रश्न विश्वासाचा आहे. पडद्यावरील स्पर्धेत सामान्य स्वाराचे वजन तो स्वतः सांगतो. दोन-चार किलो कमी सांगितले की चढ सोपा होतो. २०१९ मध्ये ब्रिटनच्या पहिल्या राष्ट्रीय आभासी स्पर्धेच्या विजेत्याचे पद काढून घेण्यात आले. शर्यतीत वापरलेली आभासी सायकल त्याने खरे श्रम न करता संगणकाच्या युक्तीने मिळविली होती, असा त्याच्यावर ठपका होता. त्याला सहा महिन्यांची बंदी आणि अडीचशे पौंड दंड झाला. श्रमाने मिळवावयाची सायकलही जेथे आभासी, तेथे लबाडी आभासी राहत नाही, एवढे यावरून दिसले. वरच्या दर्जाच्या स्पर्धांत आता वजनाची आणि यंत्राची तपासणी होते, हे ठीकच. मात्र मित्रामित्रांच्या शर्यतीत तपासनीस नसतो. तेथे ओळख हाच पहारा असतो. ज्याच्याशी वर्षानुवर्षे चुरस केली, त्याला फसविताना माणूस शरमतो. म्हणूनच ही चुरस निखळ राहावयाची तर मंडळी टिकली पाहिजेत. आणि मंडळी टिकावयाची तर त्यांचे मैदान टिकले पाहिजे.

तर मग सर्वांनी जुन्या सायकलींकडेच परतावे काय? तसा उपदेश मी करणार नाही. जुन्या काळाच्या आठवणी गोड असतात, याचे एक कारण त्यातील कडू भाग आपण विसरलेले असतो हे होय. ज्या सुवर्णकाळाच्या सायकली आज आपण कुरवाळतो, त्या काळी मोठ्या शर्यतींतून स्त्रियांना जवळजवळ स्थानच नव्हते. १९२४ च्या ‘जिरो द इतालिया’त अल्फोन्सिना स्त्रादा ही एकटी स्त्री उतरली, तीच मोठी नवलाई ठरली. शिवाय जुन्या वस्तूंची माया ही स्वतःच एक बाजारपेठ झाली आहे. हौशी खरेदीदार वाढले की जुन्या सुट्या भागांच्या किमती चढतात. आणि ज्या समतेसाठी जुनी सायकल जवळ केली, ती पुन्हा पैशापाशीच अडते. आठवणींचा उपयोग पूजेसाठी नव्हे, तर मापासाठी करावा. जुन्या सायकलीने आपल्याला जे हक्क दिले होते, ते नव्या शर्यतीत आहेत काय, असे विचारण्यासाठी.

सुदैवाने मार्ग अगदीच बंद नाही. घरातील ट्रेनर यंत्र आणि पडदा यांच्यातील संभाषणाची एक सामायिक भाषा ठरलेली आहे. म्हणूनच आजचे बहुतेक यंत्र कोणत्याही कंपनीच्या पडद्यावर चालते. जुन्या सायकलीच्या आट्यांच्या मापासारखीच ही सोय होय. यंत्राच्या बाबतीत जे साधले, ते रस्ता आणि विक्रम यांच्याही बाबतीत साधता येईल. आंतरराष्ट्रीय महासंघाने आपले अजिंक्यपद एखाद्या कंपनीच्या हवाली करण्यापूर्वी तीन अटी घालाव्यात. स्पर्धेच्या मार्गाचा संपूर्ण तपशील आणि वेग ठरविण्याचे गणित जाहीर असावे. स्वाराच्या कामगिरीची नोंद त्याला पूर्णपणे आपल्याबरोबर नेता यावी. आणि मैदान बंद करावयाचे झाल्यास लोकांनी घडविलेले मार्ग त्यांना परत मिळावेत. यामुळे कंपन्यांच्या नफ्याला थोडी कात्री लागेल, हे खरे. पण ज्या चुरशीवर त्यांचा व्यापार उभा आहे, ती चुरस त्यांनी निर्माण केलेली नाही, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे हा खेळ अद्याप मूठभरांचा आहे. ट्रेनर यंत्राची किंमत पाहता तो लगेच घरोघरी पोहोचेल असेही नाही. परंतु वाचन, अध्यापन, बुद्धिबळ, गप्पा असे कितीतरी व्यवहार आज परक्याच्या अंगणात भाड्याने होऊ लागले आहेत, आणि सायकलशर्यतीचा धडा त्या सर्वांना लागू आहे. बार्ताली आणि कोप्पी यांच्यामध्ये ती बाटली कोणी दिली, हे न कळल्याने काही बिघडले नाही. ज्या रस्त्यावर ती दिली गेली, तो रस्ता त्या दोघांनाही कोणी भाड्याने दिलेला नव्हता, हे मात्र विसरून चालणार नाही.