अळ्यांचे खाद्य आणि आपला हिशेब



ब्रॉयलर कोंबडीच्या धंद्यात शंभर रुपये खर्चातले साठ-सत्तर रुपये एकट्या खाद्यावर जातात. २०२१ साली सोयापेंड इतकी कडाडली, की केंद्र सरकारला १२ लाख टन आयातीला परवानगी द्यावी लागली. म्हणूनच ‘कचऱ्यावर अळ्या वाढवा, कोंबड्यांना घाला’ हा सल्ला आपल्या बचत गटांनाही गोड वाटतो. (पहिल्या शीलामुळे जे हा धंदाच करीत नाहीत, त्यांचा मला आदर आहे. ज्यांचे पोट त्यावर आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो.)

या अळ्या घरमाशीच्या नव्हेत. ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाची काळी, लांबट माशी असते. ती चावत नाही. तिची अळी कुजका भाजीपाला खाऊन दोन-तीन आठवड्यांत बोटाच्या पेराएवढी होते. वाळल्यावर तिच्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. युरोपीय संघाने २०२१ मध्ये कोंबडीखाद्यात अशा अळ्यांना मान्यता दिली. मात्र त्या शेणावर किंवा हॉटेलच्या उष्ट्यावर वाढवायला तिथे बंदी आहे.

आता वही काढा. ३० पक्षी दोन-दोन किलोंचे होईपर्यंत साधारण १०० किलो खाद्य खातात. त्यात दहावा भाग अळ्या धरल्या तर वाळलेल्या १० किलो, म्हणजे ओल्या तीसेक किलो. तेवढ्यांना दीडशे ते तीनशे किलो ओला कचरा लागतो! एका घरात एवढी साले निघत नाहीत. मंडईतून आणावी लागतील. ती उपसणार कोण?

मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे सोडायला सांगितले. गावाची घाण आपण पिढ्यान्‌पिढ्या काढली. आता कचरा आपल्या आयाबहिणींनी उपसायचा आणि अळ्या दुसऱ्याने विकायच्या असतील, तर साफ नाही म्हणा. जागा, डबे आणि हिशेबाची वही गटाच्या नावावर असेल, भाजीपाला वेगळा काढून मिळत असेल, हातमोजे-गमबूट असतील, तर जरूर करा.

ज्यांची शेड कंपनीच्या करारावर आहे, त्यांनी आधी करारपत्र वाचावे. पिल्ले, खाद्य, औषध कंपनीचे. आपल्याला किलोमागे मजुरी. बाहेरचे खाद्य घालायला सहसा मनाई असते, आणि खाद्य वाचले तरी मोठा वाटा कंपनीचाच.

घरच्या पक्ष्यांना घालायच्या अळ्या उकळत्या पाण्यातून काढून, कडक वाळवून, मगच भरड्यात मिसळाव्यात.