फराळ शेजारचा, सोबत अंकांची

घरात वर्षाच्या आत कोणी गेलेले असले की त्या घरी सण नाही, हा आपल्याकडचा जुना रिवाज. आकाशकंदील लावायचा नाही, दारात रांगोळी नाही, कढई चढवायची नाही. ‘यंदा आमच्याकडे दिवाळी नाही’ एवढे म्हटले की समोरचा समजतो आणि विषय बदलतो. आमच्या बेळगावच्या गल्लीत अशा घरी नरकचतुर्दशीला सकाळी नवाच्या आत आठ-दहा डबे पोहोचलेले असत. तळण बंद, पण खाणे बंद नव्हे! रिवाज घालणाऱ्यांनी दुःखातल्या माणसाच्या पोटाचा विचार केला होता. त्याच्या संध्याकाळचा मात्र केलेला दिसत नाही. बाहेर फटाके वाजू लागल्यावर, दार लावून बसलेल्या माणसाने सहापासून अकरापर्यंत करायचे काय, हे कुठल्याच पोथीत लिहिलेले नाही.

मागच्या दिवाळीत हा प्रश्न माझ्यापुढे येऊन बसला. हे श्रावणात गेले. मुलगा कॅनडातून धावत आला, पंधरा दिवस राहिला, सगळे यथासांग करून परत गेला. लगेच दोन महिन्यांनी त्याला पुन्हा रजा कुठून मिळणार? ‘आई, तू इकडे ये’ म्हणाला. माझा व्हिसा, माझे गुडघे आणि तिकडची थंडी, तिन्ही आड आले. भाऊ म्हणाला, बेळगावला ये. पण भोपाळहून बेळगाव म्हणजे दीड दिवसाचा प्रवास, आणि तिथे गेले असते तर भावाच्या घरच्या दिवाळीवर माझ्यामुळे सावट. नातवंडांनी माझ्याकडे बघत बघत फुलबाज्या पेटवायच्या, हे काही मला बरे वाटेना. मी भोपाळलाच राहिले.

नव्या वाचकांसाठी सांगते. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला आली आणि सचिवालयाच्या फायलींबरोबर नागपूर-ग्वाल्हेरकडची कितीतरी मराठी कारकून कुटुंबे इकडे आली. माझे सासरे त्यातलेच. १ नोव्हेंबर म्हटले की आपल्या बेळगावकडे काय असते ते मी सांगायला नको. इथे मात्र तोच दिवस राज्याचा स्थापना दिवस, सरकारी इमारतींवर रोषणाई! लग्न होऊन आले त्या वर्षी ती रोषणाई बघून मी इतकी गोंधळले होते की ह्यांना समजावून सांगावे लागले. असो.

तर धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दारावरची घंटा वाजली. पोस्टमन. भलेमोठे पार्सल, आणि वर ह्यांचे नाव.

दिवाळी अंक! हे दरवर्षी आगाऊ नोंदणी करायचे. सवलत मिळते म्हणून आषाढातच पैसे पाठवून मोकळे व्हायचे, तसे या वर्षीही पाठवलेले होते. मला त्याचा पत्ताच नव्हता. सही करायला पोस्टमनने कागद पुढे केला आणि विचारले, ‘साहब हैं?’ मी नुसतीच सही केली.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून सणाला फराळाबरोबर वाचायलाही काही हवे, ही खोड मराठी माणसाला लागली ती लागलीच. इथल्या लोकांना याचे भारी नवल वाटते. दिवाळीत लक्ष्मी यायची ती सरस्वतीला बरोबर घेऊन येते, असे एका ओळखीच्या प्राध्यापकांना मी एकदा ऐटीत सांगितले होते. पण परगावी राहणाऱ्या मराठी माणसाला विचाराल, तर अंकांचे मोल त्याहून साधे आहे. घरात चार दिवस कोणीतरी मराठीत बोलत असते.

ह्यांची आणखी एक खोड होती. अंकांतल्या प्रत्येक कथेला हे दहापैकी गुण द्यायचे! त्याची एक जाड वही आहे. वर्ष, अंक, कथा, लेखक, गुण. कार्तिक संपेपर्यंत त्या वर्षाचे पान भरून तयार. बीएचईएलमध्ये आयुष्यभर यंत्रांच्या भागांची तपासणी केलेला माणूस, कथाही तशाच तपासायचा. साडेचार, पावणेसहा... आठाच्या वर गुण फार क्वचित. माझ्या आवडीच्या कथेला हटकून चार.

मी पार्सल फोडले नाही. कपाटावर ठेवून दिले.

सांत्वनाला आलेल्या मंडळींनी दिलेली पुस्तके मात्र टेबलावर रचून ठेवली होती. मनःशांती कशी मिळवावी, मृत्यू म्हणजे वस्त्र बदलणे, दुःखाकडे कसे पाहावे. देणाऱ्यांच्या मनात माया होती, यात शंका नाही. पण स्पष्ट सांगते, त्यांतले एकही मला वाचवले नाही. प्रत्येक पान माझ्याकडून काहीतरी मागत होते. शांत हो, स्वीकार कर, वर बघ. दिवसभर फोनवरून लोक तेच सांगत होते!

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सहालाच अंधारले. समोरच्या इमारतीवर दिव्यांच्या माळा, खाली मुलांचा कल्ला, आणि माझ्या गॅलरीत नेहमीचा पिवळा बल्ब. भोपाळच्या जुन्या शहराने असे विझलेले सण पुष्कळ बघितले आहेत. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू सुटला, त्यानंतरच्या वर्षी कितीतरी घरांत दिवा लागला नव्हता. आम्ही पिपलानीत, कारखान्यापासून लांब म्हणून वाचलो. त्यांच्या मानाने माझे दुःख ते किती, असे मनाला समजावून पाहिले. दुसऱ्याचे मोठे दुःख बघून आपले लहान होते म्हणतात, पण त्या संध्याकाळी तरी ते झाले नाही.

शेवटी टीव्हीला इंटरनेट जोडून मुलाने शिकवले होते तसे बटण दाबले आणि ‘गुळाचा गणपती’ लावला. १९५३ चा सिनेमा. कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि नायकाचे कामसुद्धा पु. ल. देशपांड्यांचेच. हेच पु. ल. त्या काळात आपल्या बेळगावात राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते, हे आमच्या वडिलांच्या पिढीला फार अभिमानाने सांगायला आवडे. सिनेमातला नाऱ्या म्हणजे भाबडा जीव. सगळे त्याला गुंडाळतात आणि हा आपला स्वप्नात पराक्रम गाजवत असतो. आम्ही दोघांनी हा सिनेमा किती वेळा बघितला असेल याची मोजदाद नाही. पुढचे वाक्य काय येणार ते हे आधीच म्हणून टाकायचे आणि मी रागवायचे.

त्या संध्याकाळी कोणी आधी म्हणून टाकले नाही. पण एका जागी मी हसले. गालातल्या गालात नव्हे, चांगली मोठ्याने! आणि लगेच दाराकडे बघितले.

मैत्रिणींनो, दुखवट्याच्या वर्षात बाईला रडायला सगळे मोकळीक देतात. कोणी पाठीवर हात फिरवते, कोणी पाणी आणून देते. हसायला मात्र साक्षीदार चालत नाही. चार माणसांत जरा ओठ हलले तरी कोणीतरी मनात नोंद करतेच. चुलत नणंदेने फोनवर ‘टीव्ही वगैरे लावतेस का गं?’ असे विचारले होते, त्यातला ‘वगैरे’ मला अजून आठवतो. सिनेमा तेवढा असा सोबती, की त्याच्यासमोर हसले तरी तो कोणाला जाऊन सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारीण डबा घेऊन आली. निवृत्त शिक्षिका, हिंदीच्या. गुझिया, मठरी आणि इंदूरची सेव. डबा देताना हळूच म्हणाली, ‘दीदी, कल आपके हँसने की आवाज़ आई. अच्छा लगा.’ भिंती पातळ आहेत आमच्या! मला क्षणभर संकोच वाटला, मग तो गेला. तिला तो रिवाज ठाऊक होता की नव्हता कोण जाणे, पण डबा अगदी वेळेवर आला होता.

तो दिवस पाडव्याचा. लक्ष्मीपूजन एक वेळ निभावते, पाडवा निभावत नाही. ओवाळायचे कोणाला? ताम्हन घासूनपुसून आत ठेवून दिले आणि पुस्तकांच्या कपाटातून ‘स्मृतिचित्रे’ काढले.

लक्ष्मीबाई टिळकांचे हे पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाले. मी ते कॉलेजात असताना वाचले होते तेव्हा गंमत म्हणून. वडिलांचे ते सोवळे, मीठ आणि गूळसुद्धा धुवून घेणारे! या खेपेला वाचताना एक गोष्ट नव्याने ध्यानात आली. हे पुस्तक एका विधवेने लिहिलेले आहे. नारायण वामन टिळक १९१९ मध्ये गेले. त्यानंतर ही बाई नवऱ्याबद्दल लिहायला बसली आणि काय लिहिले? त्यांचा शीघ्रकोप, न सांगता घरातून निघून जाणे, हाती पैसा न टिकणे, सगळे! १८९५ साली त्यांनी धर्म बदलला आणि पुढची चार-पाच वर्षे ही नातलगांच्या आधाराने राहिली. ना धड सवाष्ण, ना विधवा. तेव्हाचे सणवार तिने कसे काढले असतील? पण ती ना कुढते, ना नवऱ्याला देव करते. त्याला हसते, त्याच्यावर चिडते आणि पानापानावर त्याच्यावर जीव टाकते.

गेलेल्या माणसाबद्दल फक्त चांगले बोलायचे, असा आपल्याकडे दंडक. तीन महिने मी ‘फार शांत स्वभावाचे होते’ असे येईल त्याला सांगत होते. कसले शांत! चहात साखर कमी पडली तर कप तसाच सरकवणारा माणूस. पाडव्याच्या दुपारी लक्ष्मीबाईंच्या पुस्तकाशेजारी मला माझा खराखुरा नवरा परत मिळाला, तो कप सरकवणारा. त्या दिवशी मी पुष्कळ रडलेही, पण ते रडणे वेगळे होते.

जाता जाता एक. टिळकांच्या आयुष्याला ज्या प्रवासात वळण लागले, तो राजनांदगावचा. रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका परदेशी गृहस्थाने त्यांच्या हाती बायबल दिले. पुढे १९५८ पासून त्याच राजनांदगावच्या कॉलेजात शिकवायला होते गजानन माधव मुक्तिबोध, घरी मराठी बोलणारे आणि हिंदीत कविता लिहिणारे. १९६४ साली आजारी पडले तेव्हा त्यांना आधी इथेच, भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात आणले होते. आपली किती माणसे या मुलखात आली, एकटी पडली आणि लिहीत राहिली!

आणि कुमार गंधर्व तर आपल्या सुळेभावीचे. क्षयाने आजारी होऊन १९४८ साली देवासला आले आणि काही वर्षे गाणे बंद करून अंथरुणावर पडून राहिले. खिडकीबाहेरून जाणारी माळव्याची लोकगीते ऐकत पडलेला तो तरुण गवई माझ्या डोळ्यांपुढे नेहमी येतो. जब्बार पटेल यांनी त्यांच्यावर ‘हंस अकेला’ हा माहितीपट केला आहे. भाऊबीजेला भावाचा फोन झाल्यावर तो लावायचा असे ठरवले होते. फोनच दीड तास चालला. सुळेभावीच्या रस्त्यापासून आईच्या हातच्या करंज्यांपर्यंत! माहितीपट राहिला तो राहिलाच.

शेजारणीने त्या संध्याकाळी मला एक हिंदी कादंबरी दिली, मंजूर एहतेशाम यांची ‘सूखा बरगद’. १९८६ मधली. लेखक भोपाळचेच, २०२१ मध्ये गेले. इथल्या एका मुसलमान घरातल्या बहीण-भावाची ही गोष्ट, भाऊबीजेला हाती यावी हा योगायोग. दिलासा देणारी मुळीच नाही. भाऊ डोळ्यांदेखत कडवट होत जातो. पण इतकी वर्षे ज्या शहरात मी भाजी घेतली, त्याच्या आत कोणाचे काय तुटत होते हे मला त्या पुस्तकाने सांगितले. बदल्यात तिने विचारले, तुमच्या त्या पार्सलमध्ये काय आहे?

मग ते कपाटावरून काढावे लागले. तिला मराठी येत नाही, पण कानांनी बरेच समजते. मी एक कथा वाचून दाखवली, अडेल तिथे हिंदीत सांगितली. मध्ये चहा झाला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. मार्गशीर्ष लागेपर्यंत आम्ही तीन अंक संपवले. चौथ्यातल्या एका कथेवरून आमचा वाद झाला, तेव्हा मी आत जाऊन वही आणली.

वहीत शेवटचे भरलेले पान त्याच्या आधीच्या दिवाळीचे होते. पुढचे कोरे, पण वर वर्ष आणि नोंदणी केलेल्या अंकांची नावे ह्यांच्या अक्षरात आधीच लिहिलेली, खाली पट्टीने रकाने पाडून ठेवलेले. शेजारीण म्हणाली, सहा द्या. माझ्या मते ह्यांनी साडेचार दिले असते. मी आठ लिहिले.