नसलं तर नसलं!

परवा एका ज्युनिअरला सर्व्हरवर सोर्सवरून पायथन कंपाइल करताना बघितलं. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. हजारभर ओळी सरसर वर गेल्या, शेवटी प्रॉम्प्ट आला आणि पठ्ठ्या खूश. मी म्हटलं, "जरा वर स्क्रोल कर." तो म्हणाला, "कशाला? एरर कुठे आलाय?"

अगदी हेच वाक्य २०२३ मध्ये मी म्हणालो होतो.

झालं असं, की एका जुन्या सेंटओएस ७ च्या मशीनवर मला पायथन ३.११ हवं होतं. पॅकेज मिळेना, म्हणून सोर्स उतरवला. कंपाइल झालं, पण पिप चालेना, कारण एसएसएल मॉड्यूल बनलंच नव्हतं. पायथन ३.१० पासून ओपनएसएसएल १.१.१ किंवा त्यापुढचं लागतं आणि त्या मशीनवर होतं १.०.२. शोधाशोध करून नवीन ओपनएसएसएल टाकलं, परत कंपाइल केलं, पिप चाललं. मी कॉलर ताठ करून घरी.

एक तारखेच्या रात्री महिन्याचा रिपोर्ट बनवणारी स्क्रिप्ट मेली. ती जुन्या एक्सझेड फायली उघडते. त्यासाठी लागणारं एलझेडएमए मॉड्यूलही बनलं नव्हतं! आधीचे २० दिवस ते कुणाला लागलंच नाही, म्हणून कळलं नाही. रात्री दीड वाजता फोन, आणि सकाळी मॅनेजरसमोर "टेस्ट केलं होतंस ना?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गंमत म्हणजे एलझेडएमएची लायब्ररी त्या मशीनवर होती. पण लायब्ररी असणं हे तयार प्रोग्रॅम चालवायला पुरतं. कंपाइल करायला तिच्या हेडर फायली लागतात आणि त्या वेगळ्या पॅकेजात असतात. रेडहॅटच्या घराण्यात त्याच्या नावापुढे 'डेव्हल' लागतं, डेबियनकडे 'डेव्ह'. नवशिक्यांपैकी निम्मे इथेच आपटतात.

कॉन्फिगरचं वागणं आईच्या पोह्यांसारखं आहे. आधी सगळे डबे उघडून बघायचे. पोहेच नसतील तर बेत रद्द. शेंगदाणे नसतील तर बिनशेंगदाण्याचे पोहे. फरक इतकाच, की आई ओरडून सांगते, "शेंगदाणे संपलेत रे!" पायथनही सांगतं म्हणा. मेकच्या शेवटी 'या ऐच्छिक मॉड्यूलांसाठी लागणारं सामान मिळालं नाही' अशी यादी येते. पण लगेच मेक इन्स्टॉल मारलं, की ती ओळींच्या पुरात वाहून जाते.

माझं स्पष्ट मत आहे, की हे चूक आहे. ऐच्छिक म्हणजे माझ्या इच्छेवर. मशीनवर त्या दिवशी काय पडलंय त्यावर नव्हे. एखादी गोष्ट नको असेल तर मी 'नको' म्हणेन. मी काहीच बोललो नाही आणि ती सापडली नाही, तर थांबा की राव! जेंटूवाल्यांनी या परस्पर निर्णयाला 'ऑटोमॅजिक' असं नाव ठेवलंय, आणि ते कौतुकाने नाही.

एफएफएमपेगचं बघा. एक्स२६४ हवं तर स्वतः एनेबल करावं लागतं, आणि मागून मिळालं नाही तर कॉन्फिगर तिथेच थांबतं. इतकंच नाही, एक्स२६४ जीपीएल लायसन्सचं असल्यामुळे 'जीपीएल चालेल' हेही वेगळं लिहून द्यावं लागतं. सुरुवातीला हा आगाऊपणा वाटतो. पण ते तुमच्याकडून सही घेतायत, आणि माझ्या मते बरोबरच करतायत. (तेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. एसडीएल२ नसेल तर एफएफप्ले गुपचूप गळतं.)

"अरे, एवढं करतोस कशाला? तयार पॅकेज घे, नाहीतर डॉकर इमेज," असं मित्र म्हणतात. नव्वद टक्के वेळा मीही तेच करतो. शनिवार मलाही प्यारा आहे. पण पॅकेज घेतलं म्हणजे निर्णय टळत नाही, तो दुसऱ्या कुणीतरी घेतलेला असतो. मार्च २०२४ मधलं एक्सझेडचं प्रकरण आठवा. ओपनएसएसएचला त्या एलझेडएमए लायब्ररीची गरजच नाही. काही डिस्ट्रोंनी सिस्टमडीशी जुळवून घ्यायला त्यात पॅच टाकला, आणि सिस्टमडीच्या लायब्ररीमागोमाग एलझेडएमए आत आली. एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. त्याची पहिली पायरी रिलीजच्या टारबॉलमधल्या बिल्ड स्क्रिप्टमध्येच होती. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, म्हणून आंद्रेस फ्रॉइंड खोदत बसला, म्हणून तो सापडला. आपल्यापैकी किती जण अर्ध्या सेकंदासाठी खोदत बसले असते?

असो. त्या ज्युनिअरने शेवटी वर स्क्रोल केलं. यादीत तीन नावं होती, त्यात एसक्यूलाइट. त्याचं अख्खं ॲप एसक्यूलाइटवर! आता आमच्या बिल्ड स्क्रिप्टच्या शेवटी एक ओळ आहे. एसएसएल, एसक्यूलाइट, एलझेडएमए, बीझेड२ सगळी इम्पोर्ट करून बघायची, एक जरी पडलं तरी बिल्ड फेल. ती ओळ त्यानेच लिहिली. मी फक्त चहा पाजला.